स्वतःचं गाणं त्रयस्थ कानांनी कसं ऐकायचं: रचनेपासून मिक्सपर्यंत

आपलंच गाणं आपल्याला नीट ऐकू येत नाही. स्वतः लिहून, गाऊन, रेकॉर्ड करून पुन्हा त्याच खुर्चीत मिक्सला (सगळे ट्रॅक एकत्र करून त्यांचा तोल साधायला) बसणाऱ्या प्रत्येकाची ही अडचण असते. पन्नासाव्यांदा ऐकताना जे कानावर पडतं, त्यातलं निम्मं स्पीकरमधून येतं आणि निम्मं आपल्या आठवणीतून. रात्री वाटतं, याच्यासारखं गाणं नाही. सकाळी तीच फाइल टाकाऊ वाटते. दोन्ही वेळी बदललेले असतो ते आपण.

यामागे साधी कारणं आहेत. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वरचेवर समोर आली तरी ती माणसाला जास्त आवडू लागते. लूपवर तासभर वाजलेला भाग चांगला वाटू लागतो, त्यात त्या भागाची कर्तबगारी किती आणि सवयीची किती, हे त्या क्षणी सांगता येत नाही. 'आता मी अगदी तटस्थपणे ऐकणार' असा निश्चय करूनही ते साधत नाही. त्यासाठी कामाची मांडणीच अशी करावी लागते की आपल्या आवडीनिवडीला मधे लुडबुडायला कमीत कमी वाव राहील. ती मांडणी कशी करायची, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो.

हाताशी काय हवं

- वही आणि पेन्सिल. मोबाइलमधली नोंदवही चालणार नाही, कारण मोबाइल हातात आला की लक्ष गेलंच.
- रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, कुठलंही.
- लाउडनेस मीटर, म्हणजे गाणं कानाला किती मोठं वाटतं ते एलयूएफएस या एककात दाखवणारं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम). 'यूलीन लाउडनेस मीटर'ची मोफत आवृत्ती पुरेशी आहे.
- नेहमीचे स्पीकर किंवा हेडफोन, आणि जोडीला एखादं अगदी साधं साधन: मोबाइलचा स्पीकर, छोटा ब्लूटूथ स्पीकर, काहीही.
- दोन-तीन संदर्भगाणी (ज्यांच्याशी आपलं मिक्स ताडून पाहायचं अशी तयार गाणी), शक्यतो वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात.
- गाणं पहिल्यांदा सुचलं तेव्हा मोबाइलवर केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. ते पुसू नका.

१. गाणं कशासाठी आहे, ते आधीच लिहून ठेवा

रचना आकार घेऊ लागली की वहीच्या पहिल्या पानावर एक-दोन वाक्यं लिहा: ऐकणाऱ्यापर्यंत काय पोचायला हवं? 'शब्द सगळ्यांच्या पुढे, वाद्यं मागे, शेवटच्या कडव्यापर्यंत ठेका येऊ द्यायचा नाही' इतकं ठोस लिहा. 'भारी वाटलं पाहिजे' हे लिहून उपयोग नाही, कारण त्यावरून पुढे कशालाच हो किंवा नाही म्हणता येत नाही.

महिनाभराने तुम्ही चौथा सिंथेसायझर चढवत असाल, तेव्हा 'हा चांगला वाटतोय का?' हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. तेव्हा सगळंच चांगलं वाटत असतं. वहीतलं वाक्य वाचून 'याने ते काम होतंय का?' असं विचारलं की उत्तर पटकन येतं. पहिलं कच्चं रेकॉर्डिंगही अधूनमधून ऐका. त्यात जी ओढ होती ती सजवलेल्या गाण्यात उरली नसेल, तर मधे कुठेतरी काहीतरी झाकलं गेलंय.

२. रचनाकार आणि मिक्स करणारा यांना एका खुर्चीत बसवू नका

मिक्स सुरू करण्याआधी गाणं एका वाद्यावर आणि गळ्यावर म्हणून बघा. हार्मोनियम, गिटार, जे वाजवता येत असेल ते. दुसरं कडवं तिथे रेंगाळत असेल, तर कुठल्याही कॉम्प्रेसरने (आवाजातले चढउतार दाबणाऱ्या प्लगइनने) ते धावणार नाही. मिक्समधल्या अडचणी म्हणून आपण ज्यांच्याशी झगडतो त्यातल्या बऱ्याचशा मुळात रचनेच्या किंवा वाद्यरचनेच्या असतात. दोन वाद्यं एकाच सप्तकात एकाच वेळी बडबडत असतील, तर इक्यूने (वारंवारितांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या प्लगइनने) त्यांना कोरत बसण्यापेक्षा एकाला गप्प करणं बरं.

रचना पक्की झाली की सगळे ट्रॅक ऑडिओत बाउन्स करा, म्हणजे ध्वनिफाइली म्हणून काढून घ्या, आणि नवीन, कोऱ्या प्रोजेक्टमध्ये घ्या. सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) शून्यावर, एकही प्लगइन नाही. शक्य असेल तर मधे काही दिवस जाऊ द्या. जुना प्रोजेक्ट हाताशी नसला की 'हा सूर जरा बदलून बघू' हा मोह आपोआप आवरतो.

इथला सापळा म्हणजे डेमोचं प्रेम. घाईत केलेला डेमो इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यातल्या चुकाही गाण्याचा भाग वाटू लागतात आणि नवीन, स्वच्छ आवाज परका वाटतो. डेमोमध्ये खरोखर काय चांगलं होतं ते वहीत लिहा: 'गाण्यातला श्वास ऐकू येतो', 'ठेका किंचित मागे ओढलेला आहे'. असं शब्दांत पकडता येत असेल, तर ते नव्या मिक्समध्ये आणा. नुसतंच 'तेच बरं होतं' वाटत असेल, तर ती सवय आहे.

३. आवाजाची पातळी समान करा

या लेखातला एकच टप्पा पाळायचा असेल, तर हा पाळा.

मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो. थोडासा मोठा असेल तर तो 'मोठा' म्हणून कळतही नाही. 'भरदार', 'स्पष्ट', 'जिवंत' वाटतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की कानाची संवेदनशीलता सगळ्या वारंवारितांना सारखी नसते आणि ती आवाजाच्या पातळीनुसार बदलते. हळू आवाजात खर्जाचा भाग आपल्याला फार कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की खर्ज उठून येतो. म्हणजे फक्त व्हॉल्यूमचं बटण फिरवलं तरी गाण्याचा तोल बदलल्यासारखा वाटतो, मिक्समध्ये कशालाही हात न लावता.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. गायनाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर टाकला. त्याने ४ डीबी (डेसिबल) दाबलं आणि मेकअप गेनने, म्हणजे दाबलेला आवाज पुन्हा वाढवणाऱ्या बटणाने, ६ डीबी परत दिलं. बायपास करून, म्हणजे प्लगइन तात्पुरतं बंद करून, पाहिलं तर आधीचा आवाज मरगळलेला, आताचा झकास! इथे तुम्ही कॉम्प्रेसर ऐकलाच नाही, जादा आवाज ऐकला. असं दहा प्लगइनवर घडलं की मिक्स बिघडलेलं असतं आणि प्रत्येक पायरी मात्र सुधारणाच वाटलेली असते.

उपाय असा:

- प्लगइन लावा, हवी ती सेटिंग करा.
- त्याच प्लगइनच्या आउटपुटचा गेन असा ठेवा की चालू आणि बंद दोन्ही वेळा आवाज सारखाच वाटेल. मीटरची मदत घ्या, पण शेवटचा निवाडा कानाचा.
- मग डोळे मिटून बायपासचं बटण भराभर इतक्यांदा दाबा की चालू कुठलं आणि बंद कुठलं याचा हिशोबच राहणार नाही. आता ऐका आणि निवडा. नंतर डोळे उघडा.
- फरकच कळला नाही, तर ते प्लगइन काढून टाका. हळहळू नका.

त्याचबरोबर ऐकण्याची एक पातळी कायमची ठरवा. छोट्या खोलीत ७५ डीबीच्या आसपास काम करणं सोयीचं जातं. मोबाइलवरचं ध्वनिमापक ॲप ढोबळ अंदाजाला पुरतं. त्या जागी व्हॉल्यूमच्या बटणावर चिकटपट्टीची खूण करा. कामाचा बहुतेक वेळ तिथेच. अधूनमधून अगदी हळू करून ऐका: कुजबुजीइतक्या आवाजात शब्द आणि मुख्य ठेका पोचत असतील, तर तोल बरा आहे. मोठ्याने ऐकायचं ते क्वचित आणि थोडाच वेळ.

४. संदर्भगाणी: निवड आधी, तुलना नंतर

तुमच्या गाण्याच्या जातकुळीतली दोन-तीन गाणी निवडा आणि ती मिक्स सुरू होण्यापूर्वी निवडा. मिक्स अर्धं झाल्यावर निवडायला गेलात, तर नकळत तुमच्या मिक्ससारखंच वाजणारं गाणं शोधाल. ज्यांचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी ऐकून तुम्हाला पाठ आहे अशीच घ्या.

बाजारातलं मास्टर केलेलं (प्रकाशनाआधी शेवटचा हात फिरवलेलं) गाणं -८ ते -१० एलयूएफएसच्या घरात असू शकतं आणि तुमचं चालू मिक्स -१८च्या. या फरकानिशी तुलना केली तर तुमचं गाणं कायमच बापुडं वाटणार आणि तुम्ही मास्टर बसवर (सगळे ट्रॅक शेवटी जिथे एकत्र येतात तिथे) लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं प्लगइन) दाबत सुटणार. संदर्भगाण्याचा ट्रॅक तुमच्या मिक्सच्या पातळीवर खाली आणा. तो मास्टर बसवरच्या प्लगइनमधून जात नाही ना, हेही पाहा. नवख्यांचा गोंधळ इथे हमखास होतो.

तुलना तुकड्यांची करा आणि पटकन करा, कारण आवाजाच्या बारकाव्यांची स्मृती काही सेकंदांतच विरू लागते. दोन्हीकडचं फक्त ध्रुवपद घ्या आणि एकेकच प्रश्न विचारा. गायन वाद्यांच्या किती पुढे आहे? बास आणि किक (ड्रममधला खर्जाचा ठोका) यांतलं जड कोण? झांजा टोचतात का? 'कुठलं चांगलं?' हा प्रश्न विचारायचाच नाही.

५. कान थकण्याआधी उठा

थकलेला कान तक्रार करत नाही, फक्त चुकीचं सांगतो. मोठ्या आवाजात तास-दोन तास काढले की ऐकण्याची क्षमता तात्पुरती कमी होते आणि तुम्ही वरच्या वारंवारिता वाढवत राहता. दुसऱ्या दिवशी ते मिक्स कानाला बोचतं. शिवाय हा प्रश्न केवळ मिक्सचा नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्यविषयक संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डीबीला दिवसाकाठी ८ तास ही मर्यादा आहे आणि पुढे प्रत्येक ३ डीबीला ती निम्म्यावर येते: ८८ला ४ तास, ९१ला २. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

पाऊण तास काम आणि दहा-पंधरा मिनिटं शांतता, हे प्रमाण चांगलं. शांतता म्हणजे शांतताच. मधल्या वेळात इअरफोन घालून व्हिडिओ बघितले तर ती विश्रांती नव्हे. तोल, गायनाची पातळी, टोन हे निर्णय बैठकीच्या सुरुवातीला घ्या. क्लिक काढणं, फाइलींना नावं देणं, श्वास कापणं अशी कामं शेवटी ठेवा, त्यांना ताजे कान लागत नाहीत.

६. ऐकण्याची बैठक आणि दुरुस्तीची बैठक वेगळी

माउस हातात असला की आपण ऐकत नाही, दुरुस्त करतो. म्हणून मिक्सचा टप्पा झाला की ते बाउन्स करा, सॉफ्टवेअर बंद करा आणि त्या दिवशी पुन्हा ऐकू नका.

दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी, वही-पेन्सिल घेऊन, स्क्रीन बंद करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. मधे थांबायचं नाही, मागे जायचं नाही. स्क्रीन बंद का? कारण पुढचा मोठा वेव्हफॉर्म (आवाजाची आकृती) दिसला की डोळा आधीच सांगतो, 'आता येतंय', आणि ऐकणाऱ्याला जो धक्का बसायला हवा तो बसतोय की नाही हे तुम्हाला कळतच नाही.

नोंदी अशा दिसायला हव्यात:

०:४७ – 'सांग ना' मधला 'ना' बुडतो.
१:१२ – बास दोन सुरांवरच फुगतो, बाकी ठीक.
१:५० ते २:०५ – लक्ष गेलं.
२:३१ – रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी पुढच्या ओळीवर चढते.

यातली तिसरी नोंद सर्वांत मोलाची. तुमचंच लक्ष तुमच्याच गाण्यातून का गेलं, याचं उत्तर रचनेत असतं, प्लगइनमध्ये नाही. नोंदीत फक्त दोष लिहा, उपाय लिहू नका. 'बास ८० हर्ट्झला ३ डीबी कमी' असं लिहिलंत, तर दुरुस्तीच्या वेळी ऐकण्याआधीच हात चालेल.

ही बैठक दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करा, आधीचं पान न बघता. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. दोन्हीकडे जे आलंय ते दुरुस्त करा. एकाच पानावर जे आहे त्यातलं बरंचसं त्या दिवसाच्या मनःस्थितीचं असतं.

७. शब्द तुम्हाला पाठ आहेत, हे विसरू नका

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू होतं. समोरच्याच्या कानावर फक्त टकटक पडत होती.

गायनाच्या पातळीचं नेमकं हेच होतं. शब्द तुमचे, त्यामुळे ते वाद्यांखाली अर्धे गाडले गेले तरी तुम्हाला लख्ख ऐकू येतात. ज्याने गाणं कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला ते एकदाच ऐकवा आणि ऐकू आले ते शब्द लिहून काढायला सांगा. त्याने 'मन'च्या जागी 'वन' लिहिलं, तर वाद करू नका. ती ओळ तिथे पोचलेली नाही. मग संपूर्ण गायन वाढवण्याआधी त्या एका अक्षरापुरतं ऑटोमेशन (तेवढ्या क्षणी पातळी आपोआप बदलण्याची सोय) करून बघा. बरेचदा तेवढंच लागतं.

उलटाही प्रकार असतो. स्वतःचा आवाज ऐकायला संकोच वाटतो म्हणून तो रिव्हर्बमध्ये लपवणारे खूप आहेत. तुम्ही त्यातले असाल, तर गायनाची पातळी दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.

८. खोली बदला, स्पीकर बदला

५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. साध्या खोलीत ती भिंतींवरून परतून काही जागी दुप्पट होते, काही जागी गायब. तुमची खुर्ची नेमकी गायब होणाऱ्या जागी असेल, तर तुम्ही बास वाढवत राहाल. म्हणून बासबद्दलचा निर्णय हेडफोनवर आणि खोलीत उभं राहून, फिरून पडताळा.

मिक्स मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. स्टिरिओत पसरवलेलं वाद्य मोनोत नाहीसं होत असेल, तर डावं-उजवं एकमेकांना खोडतायत. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती वापरासाठी आलेला स्पीकर, पण तो जगभरच्या स्टुडिओंत पोचला. त्यात खर्ज कमी आणि मधला भाग ढळढळीत, त्यामुळे गायनाच्या पट्ट्यातले दोष लपत नाहीत. ते काम आज मोबाइलचा स्पीकरही काही प्रमाणात करतो.

माझ्या मते सर्वांत उपयोगी युक्ती मात्र फुकट आहे. गाणं लावा, दार उघडं ठेवा आणि शेजारच्या खोलीत जाऊन दुसरं काहीतरी करा. तिथून जे वाद्य खटकतं ते खरंच जास्त झालंय. आणि फार सवय झालेलं मिक्स परकं करायचं असेल, तर डावी-उजवी बाजू अदलाबदल करून ऐका. लपलेल्या गोष्टी एकदम समोर येतात.

९. दोन आवृत्त्यांत निवड करायची असेल, तर नाव न बघता करा

कालचं मिक्स की आजचं? आजचंच बरं वाटणार, कारण त्यावर आज मेहनत केलीय. दोन्ही बाउन्स घ्या, पातळी समान करा, आणि कुणालातरी फाइलींना 'क' आणि 'ख' अशी नावं द्यायला सांगा. पाच-सहा वेळा क्रम बदलून ऐका आणि दर वेळी निवड कागदावर लिहा. निवड सारखी उलटसुलट होत असेल, तर फरक मिरवण्याइतका नाही. कुठलीही घ्या आणि पुढे चला.

फरक आहे तरी का, हीच शंका असेल तर दोन्ही फाइली एकाच वेळी वाजवा आणि एकीची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. पूर्ण शांतता आली तर दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत. काही उरलं तर जे ऐकू येतं तोच तुमचा फरक.

१०. दुसऱ्यांना ऐकवताना

'कसं वाटलं?' हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर 'छान आहे' असंच येतं आणि त्यात समोरच्याचा दोष नाही. 'अजून कच्चं आहे हं' असं आधी सांगूही नका. तुम्ही त्याचं ऐकणं तिथेच वाकवता. विचारायचं ते असं:

- कुठे लक्ष विचलित झालं?
- संपल्यावर कुठला भाग आठवतोय?
- काही ऐकायला ताण पडला का?

गाणं चालू असताना त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसू नका, पण हात मोबाइलकडे कुठल्या मिनिटाला गेला हे नोंदवा. एक संगीतातला आणि एक संगीताशी संबंध नसलेला, असे दोघं तरी हवेत. दोघांनीही एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे खरंच काहीतरी आहे. सुचवलेला उपाय मात्र सहसा तसाच्या तसा घेऊ नका. 'ड्रम वाढव' याचा अर्थ बरेचदा 'इथे बाकीचं कमी कर' असा निघतो.

११. थांबायचं कधी

थांबण्याची अट मिक्स सुरू होण्यापूर्वीच पहिल्या पानावर लिहा, कारण नंतर ती तुम्ही स्वतःला हवी तशी वळवाल. मी वापरतो ती अट अशी: दोन वेगवेगळ्या दिवसांच्या ऐकण्याच्या बैठकांत एकही समान दोष आला नाही की मिक्स बंद.

शेवटाकडे एक वेगळाच धोका असतो, तो कंटाळ्याचा. इतक्यांदा ऐकून झाल्यावर चांगला भागही निर्जीव वाटतो आणि मग तिथे एक आवाज चढव, इथे एक थांबा काप, असं सुरू होतं. ऐकणारा ते पहिल्यांदाच ऐकणार आहे. या टप्प्यावर बदल करायचा असेल, तर वहीत त्याच्यासाठी जुनी नोंद सापडली पाहिजे. सापडली नाही, तर हात आवरा.

बंद करताना चार फाइली बाउन्स करा: मुख्य मिक्स, गायन १ डीबी वर, गायन १ डीबी खाली, आणि गायनाशिवाय. २४ बिट, मास्टर बसवर लिमिटर नाही. नावात तारीख घाला. 'फायनल' हा शब्द घालू नका, त्यामुळे पुढे कुठली खरी हे कळत नाही. मास्टरिंगसाठी पाठवायच्या आधी या चार फाइली एकदा सलग, सॉफ्टवेअर न उघडता ऐका आणि कुठलं गायन घ्यायचं ते ठरवून लगेच पाठवून द्या.